अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीमध्ये रक्ताच्या रेषा: आईनं नेमकं काय बंद करायचं आणि किती दिवस?

अंगाईगीत

स्तनपानाचं मार्गदर्शन करणाऱ्यांपुढे हा प्रश्न सतत येतो, म्हणून तपशिलात उत्तर हवं आहे. उदाहरणादाखल एक बाळ धरू. मुलगा, ७ आठवड्यांचा, पूर्ण दिवसांचा, फक्त अंगावर पितो. जन्मवजन ३ किलो, आता ४.७. गेले तीन आठवडे शीमध्ये शेंबडासारखा चिकट भाग दिसतो आणि त्यात लाल रेषा, दिवसाआड एकदा तरी. ताप नाही, उलटी नाही, पोट मऊ, पितो छान, हसतोही. घरातली मोठी माणसं म्हणतात, "आव पडलीय, आईचं दूध बाधतंय, वरचं सुरू करा." शी तपासली तर अहवालात 'रिड्यूसिंग शुगर पॉझिटिव्ह' आलं, म्हणून लॅक्टोज नसलेली पावडर सुचवली गेली. आईनं दहा दिवसांपासून दुधाचा पेला बंद केलाय, पण फरक नाही.

आईनं खाल्लेलं बाळाच्या आतड्यापर्यंत पोचून सूज कशी आणतं? कुठल्या तपासण्या कराव्यात, कुठल्या नकोत? बाळंतिणीच्या ताटातून काय काय काढायचं आणि किती दिवस? आणि पेला बंद करूनही फरक का पडला नसेल?

बालआंत्र

सगळ्यात आधी: या वर्णनातल्या बाळाचं अंगावरचं दूध थांबवायचं कारण नाही. आईचं दूध बाधत नाहीये. आईच्या दुधातून येणारं *गाईम्हशीच्या* दुधाचं प्रथिन बाधत असण्याची शक्यता आहे. हा फरक घरच्यांना समजावता आला की निम्मं काम झालं.

तरी शीमध्ये रक्त म्हणजे लगेच ॲलर्जी असंही धरू नका. फिनलंडमधल्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शीतून रक्त जाणारी ४० बाळं होती. दूध बंद करून पुन्हा देऊन पाहिल्यावर गाईच्या दुधाची ॲलर्जी ठरली ती १८ टक्क्यांतच. बाकीच्यांचं रक्त बहुतांशी आपोआप थांबलं. म्हणून बाळ बाळसेदार असेल आणि रेषा आठवड्यातून एखाद्या वेळी दिसत असेल, तर दोन-तीन आठवडे वजन मोजत नुसतं थांबणं हाही योग्य उपाय आहे. तुमच्या उदाहरणात तीन आठवडे झालेत आणि रेषा वरचेवर येतेय, तेव्हा आईच्या आहारात बदल करून पाहायला हरकत नाही.

पण त्याआधी बाकीची कारणं बाजूला काढायला हवीत. गुदाशी चीर आहे का ते उजेडात नीट बघायचं. चीर असेल तर शी बहुधा घट्ट असते आणि रक्त शीच्या वरून लागलेलं असतं, आत मिसळलेलं नसतं. आईच्या स्तनाग्राला भेगा असतील तर बाळ आईचंच रक्त गिळतं. जन्मानंतर 'व्हिटॅमिन के'चं इंजेक्शन दिलं होतं का, हे कार्डावर बघाच. ते राहून गेलं असेल तर २ ते १२ आठवड्यांच्या वयात रक्तस्राव होऊ शकतो, डोक्यातसुद्धा, आणि तिथे वाट बघायची नसते. ताप आणि पातळ जुलाब असतील तर जंतुसंसर्ग.

हिरवी उलटी, फुगलेलं पोट, मलूलपणा, पांढरा पडलेला चेहरा, थांबून थांबून किंचाळून रडणं आणि जेलीसारखी लाल शी, किंवा एकाच वेळी पुष्कळ रक्त: यातलं एकही दिसलं तर मंचावर विचारत बसू नका, थेट रुग्णालय. आतड्याला पीळ पडणं किंवा आतड्यात आतडं शिरणं यात तासांचा हिशेब असतो.

आता सूज कशी येते ते. गाईच्या दुधातल्या प्रथिनांत साधारण ८० टक्के केसीन आणि २० टक्के व्हे. व्हेमधलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन माणसाच्या दुधात मुळात नसतंच. आईनं दूध प्यायलं की त्यातलं बहुतेक पचतं, पण अगदी थोडं न तुटता तिच्या रक्तात जातं आणि तिथून तिच्या दुधात उतरतं: मिलीलिटरमागे काही नॅनोग्रॅम. गाईच्या दुधात हेच प्रथिन मिलीलिटरमागे सुमारे ३ मिलिग्रॅम असतं. म्हणजे बाळाला मिळतं ते जवळपास दहा लाख पटीनं कमी. बहुतेक बाळांना एवढ्याशा मात्रेनं काही होत नाही, उलट त्यांचं शरीर यातूनच हे प्रथिन ओळखीचं करून घेतं. काही बाळांत मात्र हे ओळख पटवणं फसतं.

पहिल्या काही महिन्यांत पोटातलं आम्ल कमी असतं, आतड्याच्या आतल्या आवरणाचे सांधे सैल असतात आणि आतड्याला अस्तरासारखं जपणारं आयजीए हे प्रतिपिंड बाळ स्वतः फारसं बनवत नाही. आवरणाखालच्या पेशी ते प्रथिन उचलून टी-पेशींना दाखवतात. टी-पेशी इंटरल्यूकिन-५ सारखे निरोप सोडतात आणि त्यामागे इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात, गुदाशयाच्या आसपास, गोळा होतात. या पेशींतल्या दाण्यांतली तिखट प्रथिनं बाहेर पडली की आवरण सोलवटतं. जागोजागी लाल ठिपके, फुगलेल्या लसीका-गाठी, आणि शी पुढे सरकताना नुसत्या घासण्यानं रक्त. चिकट भाग म्हणजे त्याच सुजेला आवरणानं दिलेलं उत्तर. म्हणूनच शी मऊ असूनही रक्त असतं, आणि ते चिकट भागात केशराच्या काडीसारखं गुंफलेलं दिसतं. सूज एवढ्याच पट्ट्यात असते. अन्न शोषणारं लहान आतडं शाबूत असतं, त्यामुळे वजन वाढत राहतं. ४९ दिवसांत १७०० ग्रॅम म्हणजे दिवसाला जवळपास ३५ ग्रॅम. उत्तम.

या सगळ्यात आयजीई हे प्रतिपिंड नसतं. म्हणून त्वचेवर टोचून केलेली चाचणी किंवा रक्तातली आयजीई तपासणी कोरी येते, आणि ती कोरी आली म्हणून ॲलर्जी नाही असं ठरत नाही. दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत अंगावर गांध्या किंवा ओठ सुजणं असं झालं तरच ती तपासणी. पैसे देऊन शंभर पदार्थांची आयजीजी (आणखी एक प्रतिपिंड) यादी करून आणू नका, तिचा इथे काडीचा उपयोग नाही. शीमधलं कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे सूज दाखवणारं प्रथिन, तेही तपासायला नको. या वयात ते निरोगी बाळांतही चढलेलं असतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्ताची चाचणी कित्येक धडधाकट बाळांत पॉझिटिव्ह येते. एक सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) पुरे. त्यात हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट बघायचे. इओसिनोफिल थोडे वाढलेले असू शकतात. दुर्बीण आणि तुकडा तपासणं फार क्वचित, सगळं करूनही रक्त थांबत नसेल तरच.

आणि ती 'रिड्यूसिंग शुगर'. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीमध्ये लॅक्टोज उरणं ही रोजची, निरोगी गोष्ट आहे. लॅक्टोज ही साखर, ॲलर्जी प्रथिनाची. लॅक्टोज नसलेल्या नेहमीच्या पावडरीत गाईच्या दुधाची प्रथिनं पूर्ण असतात. म्हणजे आईच्या दुधातले नॅनोग्रॅम सोडून बाळाला थेट ग्रॅममध्ये तेच द्यायचं! हे वारंवार घडतं आणि पाहून जीव तुटतो.

पाळणा_वॉर्ड

वरच्या उत्तराला जोड. आईला एक वही करायला सांगा: तारीख, किती शी, रेष होती की नाही, आणि आईनं त्या दिवशी काय खाल्लं. शीचा फोटो पांढऱ्या सुती दुपट्यावर, दिवसाच्या उजेडात काढायचा. डायपरवर काढलेल्या फोटोत पाणी शोषलं जातं आणि चिकट भाग ओळखू येत नाही. डायपरवर लघवीचे विटकरी-गुलाबी डाग पडतात, ते युरेटचे खडे. लोक त्यालाही रक्त समजतात.

चीर बघताना बाळाला पाठीवर झोपवून दोन्ही पाय पोटाकडे घ्यायचे आणि दोन अंगठ्यांनी ढुंगणाची कातडी हलकेच बाजूला करायची. चीर बहुधा मधल्या रेषेत, मागे किंवा पुढे सापडते.

हिरवी, फेसाळ, फसकन होणारी शी हा मात्र स्वतंत्र विषय. आईला दूध भरपूर येत असेल आणि बाळ दोन्ही बाजू थोड्या थोड्या पीत असेल तर पोटात लॅक्टोज जास्त जातं. रक्त नसेल तर तिथे ताटातलं काही काढायचं नाही, पाजण्याची पद्धत सुधारायची.

वाटीचमचा

पेला बंद केला आणि फरक पडला नाही, कारण बाळंतिणीच्या ताटात पेला हा दुधाचा सगळ्यात लहान वाटा असतो. एकेक बघू.

चहा-कॉफीतलं दूध. दही, ताक, कढी, कोशिंबिरीतलं दही. पनीर, खवा, पेढे, श्रीखंड, बासुंदी, शेवयांची नि गव्हल्याची खीर. अळिवाची खीर: ही बाळंतिणीला रोज वाटीभर दिली जाते आणि कुणी तिला 'दूध' म्हणून मोजतच नाही. शतावरी कल्प दुधातूनच घेतला जातो. पौष्टिक म्हणून दिलेली माल्टची पावडर आणि प्रथिनाचे डबे, यांत दूधपावडर किंवा व्हे असतं. कुणाकडे म्हैस व्याली की खरवस येतो. चिकात व्हे प्रथिनं नेहमीच्या दुधाच्या कितीतरी पट असतात. बिस्किटं, टोस्ट, पाव, केक, चॉकलेट, मसाला लावलेले वेफर्स, हॉटेलातली बटर घातलेली डाळ.

मग तूप. याबद्दल सगळे अडतात. शुद्ध तुपात प्रथिन अत्यल्प असतं, पण घरी कढवलेलं तूप आठवा: तळाशी तपकिरी बेरी बसते, ती म्हणजे करपलेलं केसीन आणि व्हे. तूप कितीही गाळलं तरी बारीक कण राहतात, आणि बाळंतिणीच्या डिंकाच्या, मेथीच्या, अळिवाच्या लाडवांत तूप चमच्यानं नाही, वाटीनं असतं. म्हणून चाचणीच्या काळात तूपही बंद. लाडू करायचे तर खोबरं आणि तिळाच्या तेलावर किंवा शेंगदाण्याच्या तेलावर वळायचे. गूळ थोडा जास्त लागतो, नाहीतर फुटतात. अळीव नारळाच्या दुधात किंवा ओल्या खोबऱ्याबरोबर गुळात शिजवायचे, ते तर कोकणात असेही करतात. ताकाऐवजी सोलकढी. आमटी, उसळ, भाकरी, पोळी (वर तूप न लावता), भाज्या, मासे, मटण, अंडी: यातलं काहीही आत्ता काढायचं नाही.

दूध उकळून उकळून दाट केलं तर चालेल का, असं विचारलं जातं. नाही. उकळल्यानं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनचा आकार काही प्रमाणात मोडतो, केसीन मात्र उष्णतेला दाद देत नाही. म्हशीचं, शेळीचं दूधही नको, कारण प्रथिनं इतकी सारखी आहेत की गाईचं बाधणाऱ्या दहांपैकी नऊहून अधिक बाळांना शेळीचंही बाधतं. 'ए-टू' दुधातही फक्त बीटा-केसीनचा एक प्रकार वेगळा, बाकी सगळं तेच.

पाकिटांचं: एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०२० च्या लेबल नियमांनुसार दूध हे ॲलर्जी आणणाऱ्या घटकांत स्वतंत्र जाहीर करावं लागतं. घटकांच्या यादीच्या शेवटी 'कंटेन्स मिल्क' शोधा. यादीत 'मिल्क सॉलिड्स', 'व्हे', 'केसीनेट' हे शब्द आले तरी तेच. हिरवा ठिपका फक्त शाकाहारी सांगतो, दूध नाही असं सांगत नाही. बाळाला परस्पर प्रोबायोटिकची पुडी दिली जात असेल तर तिचंही लेबल वाचा, काहींत दुधाचा अंश असतो. बाळगुटी दुधात उगाळून चाटवत असतील तर ती आधी थांबवा. एवढं सगळं आईनं पाळायचं आणि बाळाला रोज थेट गाईचं दूध चाटवायचं, असं होतं!

कॅल्शियम विसरू नका. पाजणाऱ्या आईची गरज आयसीएमआर-एनआयएनच्या (राष्ट्रीय पोषण संस्थेच्या) २०२० च्या शिफारशीत दिवसाला १२०० मिलिग्रॅम आहे. नाचणीत १०० ग्रॅममागे साधारण ३५० मिलिग्रॅम, म्हणजे ५० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत पावणेदोनशे. तीळ १ मोठा चमचा रोज, शेवग्याचा पाला, काट्यासकट खाता येणारी मांदेली किंवा सुके बोंबील. पालकावर भिस्त ठेवू नका, त्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटनं बांधलेलं असतं. एवढं करूनही ताटातून १२०० गाठणं कठीण, म्हणून गोळी हवीच. सरकारी दवाखान्यात प्रसूतीनंतर सहा महिने मिळते तीच चालते: ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० युनिट ड-जीवनसत्त्व, दिवसातून दोन. जेवणाबरोबर घ्यायची आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब, नाहीतर लोह अंगी लागत नाही.

अंगाईगीत

बेरीचं उदाहरण फार कामाचं आहे, आया लगेच समजतील. आता पुढचं. समजा हे सगळं कडक पाळलं. किती दिवसांनी फरक दिसतो? काही ठिकाणी आईला दूध, सोया, अंडी, गहू, शेंगदाणे, डाळी सगळं एकदम बंद करायला सांगतात आणि ती भात-मुगावर राहते. आणि रक्त थांबलं की दूध वर्षभर बंद ठेवायचं का?

बालआंत्र

आईच्या दुधातून ते प्रथिन काही तासांपासून आठवडाभरात निघून जातं. सोलवटलेलं आवरण भरायला त्यापुढे वेळ लागतो. म्हणून दिसणारं रक्त बहुधा ३ ते ४ दिवसांत कमी होऊ लागतं, पूर्ण थांबायला २ आठवडे लागू शकतात, चिकट भाग त्याहून थोडा रेंगाळतो. तिसऱ्या दिवशी रेष दिसली म्हणून 'उपयोग नाही' म्हणायचं नाही. दोन आठवडे खरोखर कडक पाळायचं, मग निर्णय.

सगळं एकदम बंद करणं चूक. रक्त थांबलं तर कशानं थांबलं ते कळत नाही, आणि आई महिनाभरात खंगते. दूध हे सगळ्यात मोठं कारण. त्यानंतर सोया आणि अंडं. दोन आठवड्यांत फरक नसेल तर आधी वही उघडून चुका शोधा (लाडू, बिस्किट, गुटी). चूक सापडली नाही तर सोया काढा: सोयाबीन वडी, सोयापीठ मिसळलेला आटा, टोफू. शुद्ध केलेल्या सोया तेलात प्रथिन जवळजवळ नसतं, ते काढायची गरज नाही. मग दोन आठवड्यांनी अंडं. तिन्हींनंतरही रक्त येत असेल आणि बाळ ठणठणीत असेल, तर ताट पूर्ववत करून बालआंत्ररोगतज्ज्ञांना दाखवा. गहू आणि डाळी काढत जाण्यानं बाळापेक्षा आईचंच नुकसान होतं.

आता जी पायरी बहुतेक ठिकाणी गळते ती. रक्त थांबलं की दूध पुन्हा देऊन बघायचं. चाचणीचा हा अर्धा भाग आहे. वर फिनलंडचं सांगितलं ते यासाठीच: रक्त आपोआपही थांबतं. पुन्हा देऊन पाहिलं नाही तर जिला काहीही सोडायची गरज नव्हती अशी आई वर्षभर दह्याच्या वाटीलाही मुकते, आणि बाळाच्या फाईलवर 'दुधाची ॲलर्जी' हा शिक्का कायमचा बसतो. पुढे सहाव्या महिन्यानंतर त्याच शिक्क्यापायी बाळालाही विनाकारण दूध, दही नाकारलं जातं.

पद्धत अशी. बंद केल्यापासून २ ते ४ आठवडे झाले आणि बाळ किमान आठवडाभर स्वच्छ असलं की सुरुवात. पहिल्या दिवशी आईनं अर्धा कप चहाइतकं, साधारण ५० मिली दूध घ्यायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी १०० मिली. चौथ्या दिवसापासून एक पेला आणि वाटीभर दही. सातव्या दिवसापर्यंत पूर्वीचं नेहमीचं प्रमाण. या आठवड्यात दुसरं काही नवीन नको: नवं औषध नको, बाळाचं लसीकरण दोन-तीन दिवस मागेपुढे असेल तर चाचणीच पुढे ढकला (लस नाही!). रक्त परतलं तर बहुधा पहिल्या ३ दिवसांत, कधी आठवड्यानं. परतलं तर निदान पक्कं. आईनं पुन्हा बंद करायचं. नाही परतलं तर ॲलर्जी नव्हती किंवा उरली नाही, आई सगळं खाऊ शकते.

अपवाद: ज्या बाळाला गांध्या उठल्या, ओठ सुजले, दूध मिळाल्यावर भडाभडा उलट्या होऊन ते गळून गेलं, किंवा वजन वाढत नव्हतं, त्याला घरी पुन्हा देऊन पाहायचं नाही. ते रुग्णालयातच.

मापकचमचा

ज्यांना अंगावरचं दूध पुरत नाही किंवा सुटलंय त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिली निवड म्हणजे 'एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड' फॉर्म्युला, ज्यात प्रथिनं विकरांनी बारीक तोडलेली असतात. दुधाची ॲलर्जी असलेल्या दहापैकी नऊ बाळांना तो सोसतो. वजन घटतंय, हिमोग्लोबिन फार खाली गेलंय, किंवा २ ते ४ आठवड्यांत त्यानं फरक पडला नाही तर अमिनो आम्लांचा. 'एचए' किंवा 'कम्फर्ट' लिहिलेले डबे अर्धवट तोडलेले असतात, उपचाराला चालत नाहीत. सोयाचा फॉर्म्युला सहा महिन्यांच्या आत नको, आणि अशा आतड्याच्या ॲलर्जीत बऱ्याच बाळांना सोयाही बाधतं. खर्च झेपत नसेल तर सहा महिन्यांनंतर डॉक्टरांच्या देखरेखीत विचार करता येतो. भाताचं, बदामाचं, नारळाचं 'दूध' हे बाळाचं दूध नव्हे. त्यावर ठेवलेली बाळं प्रथिनाअभावी सुजतात.

दिवसाला किलोमागे १५० मिली. ४.७ किलोच्या बाळाला सुमारे ७०० मिली, म्हणजे आठ वेळा ९० मिलीच्या आसपास. आधी पाणी मोजायचं, मग सपाट चमचा पावडर. चमच्याला किती पाणी ते डब्यावरचं बघायचं, दुसऱ्या डब्याचा चमचा वापरायचा नाही. महाग म्हणून पातळ करणं ही सगळ्यात घातक चूक.

चव कडवट आणि वास उग्र असतो. तीन महिन्यांपर्यंतची बाळं कुरकुर न करता घेतात. मोठं बाळ तोंड फिरवत असेल तर काढलेल्या अंगावरच्या दुधात पहिल्या दिवशी चौथा हिस्सा, दुसऱ्या दिवशी निम्मा असं वाढवत न्या. जुन्या गाईच्या पावडरीत मिसळून सवय लावू नका, प्रथिन चालूच राहतं. आणि हा फॉर्म्युला सुरू झाल्यावर शी गडद हिरवी, पातळसर आणि वासाची होते. ते या दुधाचं लक्षण, ॲलर्जी वाढल्याचं नाही. यामुळे घाबरून डबा बंद केलेले पालक फार.

पाळणा_वॉर्ड

सहाव्या महिन्यात वरचं अन्न सुरू होतं तेव्हा याच प्रकारातली आणखी एक ॲलर्जी डोकं वर काढते. ती वेगळी ओळखायला हवी, कारण तिची गत वेगळी. बाळ एखादं नवं अन्न खातं, १ ते ४ तासांनी एकामागून एक उलट्या होतात, अंग पांढरं पडतं, मान टाकतं, काही तासांनी जुलाब. ताप नसतो, गांध्या नसतात. पहिल्यांदा बहुतेकांना अन्नातून विषबाधा किंवा रक्तातला जंतुसंसर्ग वाटतो. गाईचं दूध आणि सोया ही कारणं आहेतच, पण घन अन्नात भात हे अनेक देशांत वरच्या क्रमांकाचं कारण आहे. आपल्याकडे पहिलं अन्न भाताची पेज, आणि पेज कुणाला बाधेल हे घरात कुणाच्या मनातच येत नाही. असं एकदा झालं तरी संशय धरा आणि तेच अन्न घरी पुन्हा देऊ नका.

अशा वेळी तोंडानं पाणी पाजत बसू नका, बाळ झोपाळू असेल तर थेट रुग्णालय. तिथे सांगायचं वाक्य पाठ असू द्या: "अमुक अन्न इतक्या वाजता दिलं, इतक्या वाजता उलट्या सुरू झाल्या." शिरेतून सलाईन लागतं. वेळेचं हे अंतर सांगितलं गेलं तर निदान पहिल्या भेटीत होतं.

तुमच्या उदाहरणातल्या बाळाला म्हणून पेज थांबवायची नाही. नुसत्या रक्ताच्या रेषा असणाऱ्या बाळांना सहाव्या महिन्यात भात, नाचणी, डाळ, अंडं, शेंगदाण्याचं कूट घातलेली पेज, सगळं वेळेवर द्यायचं. आईच्या चाचणीत अंडं बाधतं असं ठरलं असेल तर तेवढं मागे ठेवायचं. एक नवीन अन्न, दोन-तीन दिवस, मग पुढचं.

अंगाईगीत

शेवटचं. निदान पक्कं झालेल्या बाळाला स्वतःला दूध कधी आणि कसं सुरू करायचं? आणि आईचं तूप?

वाटीचमचा

बहुतेक बाळांना पहिल्या वाढदिवसापर्यंत दूध सोसू लागतं, पुष्कळांना त्याच्या बरंच आधी. ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान, आणि बंद करून किमान सहा महिने झालेले असताना, सुरुवात करावी. बाळाला अंगभर इसब असेल तर घरी देण्याआधी आयजीई तपासून घ्या. दीर्घकाळ दूध बंद राहिलेल्या अशा काही बाळांत ॲलर्जीचा प्रकार बदलून तात्काळ होणारा बनतो.

क्रम खूप भाजलेल्यापासून कच्च्याकडे. पिठात मिसळून भट्टीत भाजलेलं दूध सगळ्यात सौम्य, कारण प्रथिन गव्हाच्या जाळ्यात अडकतं. घरचं करायचं तर १ वाटी कणीक, १ चहाचा चमचा दूधपावडर, पिकलेलं केळं आणि तेल घालून १२ छोट्या चपट्या वड्या, १८० अंशांवर वीस मिनिटं, आत मऊ राहू देऊ नका. पहिल्या दिवशी पाव वडी, दुसऱ्या दिवशी अर्धी, मग एक, आणि तीन दिवस तिथेच थांबायचं. मग दूध घातलेला भाजका केक. मग दुधात भिजवलेल्या पिठाचं धिरडं, तव्यावरचं, म्हणजे उष्णता कमी. मग पनीर, मग दोन चमच्यांपासून दही, आणि शेवटी उकळलेलं दूध ५ मिलीपासून १०० मिलीपर्यंत. कुठल्याही पायरीवर रक्त दिसलं तर एक पायरी खाली या, तिथे दीड-दोन महिने राहा, मग पुन्हा चढा. वर्षाच्या आत गाईचं दूध मुख्य पेय म्हणून द्यायचं नसतं, हे या शिडीनंतरही तसंच.

आईनं याच सुमाराला, बाळाच्या आधी पंधरा दिवस, तुपापासून सुरू करावं: रोज भातावर एक चमचा, आठवडाभर. बाळ स्वच्छ राहिलं की चहातलं दूध. आणि पहिलं तूप वरचं नितळ घ्यायचं, बेरी खरवडून नव्हे.